अडीनडीला कोण?

अचानक पाचशे डॉलरची गरज पडली तर कुणाकडे मागता येतील? दिमित्री विल्यम्स या अमेरिकी संशोधकाने २००६मध्ये जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात या आशयाचं एक विधान आहे. उत्तर देणाऱ्याने 'मुळीच पटत नाही' ते 'पूर्ण पटतं' यांच्या दरम्यान कुठेतरी खूण करायची. हेच विधान त्याला दोनदा भेटतं, एकदा इंटरनेटवरच्या ओळखींविषयी आणि एकदा इंटरनेटबाहेरच्या माणसांविषयी. एकटं वाटलं तर कुणाशी बोलाल, महत्त्वाच्या निर्णयात कुणाचा सल्ला घ्याल, तुमच्यासाठी कोण आपली पत पणाला लावेल, अशीही विधानं त्यात आहेत. पतपेढीच्या कर्जाला जामीनदार शोधत फिरलेल्या माणसाला यातला शेवटचा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

सामाजिक भांडवल मोजायचं म्हणजे, अगदी थोडक्यात, हेच मोजायचं असतं. पैसा बँकेत असतो, कौशल्य माणसाच्या डोक्यात आणि हातात असतं. हे तिसरं भांडवल दोन माणसांच्या मधल्या जागेत असतं. म्हणूनच ते धड दिसत नाही आणि त्याची नोंदही कुठे होत नाही.

ही कल्पना जुनी आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या खेडेगावांतल्या शाळांची देखरेख करणाऱ्या एल. जे. हॅनिफन यांनी १९१६मध्ये हा शब्दप्रयोग केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं येणंजाणं वाढलं की शाळा सुधारते, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे अनेक दशकं कल्पना जवळजवळ पडूनच राहिली. ती पुन्हा उचलली ती समाजशास्त्रज्ञांनी. फ्रान्सच्या पिएर बोर्द्यू यांना तिच्यात वरच्या वर्गाची मक्तेदारी दिसली: कुणाची कुणाशी ओळख आहे यावर दारं उघडतात आणि बंद होतात. अमेरिकेच्या जेम्स कोलमन यांनी १९८८मध्ये न्यूयॉर्कच्या हिरे व्यापाऱ्यांचं उदाहरण दिलं. लाखमोलाच्या हिऱ्यांची पुडी एक व्यापारी दुसऱ्याकडे तपासायला सोपवतो, कागद नाही की पावती नाही. मुंबईच्या हिरेबाजाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मग २०००मध्ये रॉबर्ट पटनम यांचं 'बोलिंग अलोन' आलं. अमेरिकी माणूस क्लबांतून, मंडळांतून, सभांतून अंग काढून घेतो आहे, असं त्यात आकडेवारीनिशी मांडलं होतं, आणि त्यातला बराच दोष टेलिव्हिजनच्या पदरात टाकला होता.

पटनम यांनी लोकप्रिय केलेली एक विभागणी पुढच्या सगळ्या मोजमापात ठाण मांडून बसली आहे. एक भांडवल बांधून ठेवणारं: घरचे, जिवलग, अर्ध्या रात्री उठून येतील अशी माणसं. दुसरं जोडणारं: कधीमधी भेटणारे, वेगळ्या वर्तुळातले, नवी खबर आणणारे. दुसऱ्या प्रकाराचं मोल मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्येच दाखवलं होतं. बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, खबर देणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? १७ टक्क्यांहून कमी लोकांनी 'वरचेवर' म्हटलं. जवळपास ५६ टक्के म्हणाले, अधूनमधून. आणि २८ टक्क्यांच्या आसपास लोक म्हणाले, क्वचितच. कारण साधं आहे. जिवलगाला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही बहुधा ठाऊक असतंच.

फेसबुक आलं ते अशा वादाच्या ऐन भरात. टीव्हीने लोकांना घरात कोंडलं असेल तर ही नवी वस्तू त्यांना आणखी कोंडेल की बाहेर काढेल? भांडायला दोन्ही बाजू तयार होत्या, मोजायला पट्टी नव्हती.

म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. समाजशास्त्रज्ञांच्या पोतडीत तीन जुनी साधनं होती. पहिल्यात नावं विचारतात: गेल्या सहा महिन्यांत महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कुणाकुणाशी बोललात? दुसऱ्याचं श्रेय मुख्यतः नान लिन यांचं. त्यात नावं नकोत, हुद्दे हवेत: तुमच्या ओळखीत वकील आहे का, नर्स आहे का, पोलीस, शिक्षक, ट्रकचालक? जितके हुद्दे जास्त आणि त्यांच्यातलं अंतर जितकं मोठं, तितकी पोच मोठी. तिसरं नेदरलँड्समध्ये व्हान डर खाख आणि स्नायडर्स यांनी विकसित केलं. ते थेट कामाचं विचारतं: घर हलवताना मदतीला येईल, यंत्र दुरुस्त करून देईल, सरकारी नियम समजावून सांगेल, असं तुमच्या ओळखीत कोणी आहे का?

तिन्ही साधनं चांगली आहेत आणि तिन्ही वेळखाऊ आहेत. आणि वेळ कसा घात करतो याचं एक नामांकित उदाहरण आहे. अमेरिकेच्या 'जनरल सोशल सर्व्हे'त १९८५मध्ये नावांचा प्रश्न विचारला होता, तोच २००४मध्ये पुन्हा विचारला गेला. मनातलं बोलायला माणसं सरासरी २.९४ होती, ती २.०८वर आली. 'कोणीच नाही' म्हणणारे दहातले एक होते ते चारातले एक झाले. २००६मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि एकाकी अमेरिकेच्या बातम्यांचा पूर लोटला. क्लॉड फिशर यांना मात्र आकडा खटकला. माणसाच्या बाकी वागण्यात एवढा मोठा बदल दिसत नव्हता. पुढे २०१३मध्ये दोन संशोधकांनी मुलाखत घेणाऱ्यांकडे मोर्चा वळवला, तेव्हा दिसलं की काही मुलाखतकारांच्या वाट्याला 'कोणीच नाही' हे उत्तर संशय यावा इतक्या वेळा आलं होतं. एक नाव सांगितलं की त्या नावामागे प्रश्नांची माळ लागते. नावच नाही तर प्रश्नही नाहीत. दोघांचीही सुटका. दमलेल्या माणसांनी भरलेले कागद राष्ट्राच्या एकाकीपणाचा पुरावा म्हणून मिरवले गेले, असं म्हणायला निदान सबळ जागा आहे.

विल्यम्स यांच्या प्रश्नावलीची मोहिनी इथे समजते. नावं नकोत, हुद्दे नकोत. दहा विधानं बांधणाऱ्या भांडवलाची, दहा जोडणाऱ्या भांडवलाची. तीच इंटरनेटवरच्या आणि बाहेरच्या माणसांसाठी. काही मिनिटांत काम होतं आणि हाती एक सुबक आकडा येतो.

याच धर्तीची विधानं घेऊन मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या निकोल एलिसन, चार्ल्स स्टाइनफिल्ड आणि क्लिफ लॅम्प यांनी २००७मध्ये जो अभ्यास छापला, तो या विषयातला सर्वाधिक गाजलेला अभ्यास म्हणावा लागेल. नमुना केवढा? पदवीचे २८६ विद्यार्थी, एकाच विद्यापीठातले. आठशे जणांना निमंत्रण गेलं होतं. त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. एक, फेसबुकशी लागलेला लळा: मित्रयादीत किती जण, दिवसातली किती मिनिटं, आणि सोबत काही विधानं, जसं की फेसबुक बंद पडलं तर मला वाईट वाटेल, ते माझ्या रोजच्या दिनक्रमाचा भाग आहे. दुसरं, सामाजिक भांडवल. आणि त्यात त्यांनी स्वतःची एक छान भर घातली. गाव सोडून कॉलेजात आलेल्या मुलाला त्याच्या शाळेतल्या जुन्या ओळखींचा किती आधार उरला आहे? बारीकसारीक काम त्यांना सांगता येईल का, परगावी गेलं तर त्यांच्याकडे उतरता येईल का? याला त्यांनी टिकवून धरलेलं भांडवल म्हटलं. फेसबुकचा लळा आणि जोडणारं भांडवल यांचं नातं सगळ्यांत ठळक निघालं. आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचं स्वतःविषयीचं मत फारसं बरं नव्हतं, जे आपल्या आयुष्यावर फारसे समाधानी नव्हते, अशांच्या बाबतीत हे नातं अधिक ठळक होतं.

पण नातं दिसलं म्हणजे कारण सापडलं असं नाही. बोलक्या माणसाच्या ओळखीही जास्त आणि त्याचं फेसबुकही जास्त, एवढंही यामागे असू शकतं. त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी काही विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं आणि आधीच्या वर्षीचा वापर नंतरच्या भांडवलाकडे बोट दाखवतो, असं मांडलं. वाद थोडा शमला, मिटला नाही. २०११मध्ये त्यांनी आणखी एक साधाच प्रश्न विचारला: यादीतले खरेखुरे मित्र किती? विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून तो हिस्सा साधारण चौथाई निघाला, आणि भांडवलाशी नातं होतं ते या चौथाईचं. यादीच्या लांबीला फारसा अर्थ नव्हता. खऱ्या मित्रांच्या संख्येचा लाभही एका टप्प्यानंतर मंदावत होता.

मला या सगळ्या प्रकारच्या अभ्यासांत एक गोष्ट खुपते. विल्यम्स यांच्या बांधणाऱ्या भांडवलाच्या विधानांत 'तो माणूस माझ्यासाठी काय करेल' असं विचारलं आहे. जोडणाऱ्या भांडवलाच्या विधानांत मात्र 'मला काय वाटतं' असं आहे: इथे बोलल्यामुळे मला बाहेरच्या जगात रस वाटतो, आपण एका मोठ्या समुदायाचा भाग आहोत असं वाटतं. फेसबुक आवडणाऱ्याला फेसबुकवर असं छान वाटणारच. म्हणजे आवडीची तुलना आवडीशीच केली जाते. ही नुसती कुरकुर नाही. २०१४मध्ये अमेरिकी संशोधकांच्या एका गटाने ही प्रश्नावली आणि वरची जुनी तीन साधनं एकाच लोकांवर वापरून पाहिली. एकच गोष्ट मोजत असतील तर उत्तरं एका दिशेला जायला हवीत. ती गेली नाहीत. ज्याच्या ओळखीत तऱ्हेतऱ्हेचे लोक होते त्याचा आकडा या प्रश्नावलीत वर येतोच असं नव्हतं. तोवर या प्रश्नावलीच्या आधारावर बरेच अभ्यास छापून झाले होते, आणि नंतरही होत राहिले. सोय हे संशोधनातलं मोठं बळ असतं.

वापराच्या बाजूलाही पंचाईत आहेच. दिवसाचे किती तास फेसबुकवर घालवता, याचं उत्तर माणसं अंदाजाने देतात. फेसबुकशी जोडलेल्या संशोधकांनी २०२०मध्ये १५ देशांतल्या सुमारे ५० हजार लोकांचे अंदाज सर्व्हरच्या नोंदींशी ताडून पाहिले. लोक वेळ जास्त सांगत होते आणि किती वेळा उघडलं हे कमी सांगत होते. चूक तरी एका दिशेची असती तर दुरुस्त करता आली असती.

मग माणसाला विचारूच नये, नोंदीच पाहाव्यात? मॉइरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेसबुकच्या आत राहून दोन्हींची सांगड घातली. २०१०च्या अभ्यासात १,१९३ जणांची उत्तरं त्यांच्याच खात्यांच्या नोंदींशी जोडली होती. त्यांच्या अभ्यासांत 'फेसबुकचा वापर' हा एकच ढीग फुटून तीन झाले: एखाद्याला उद्देशून लिहिणं, सगळ्यांसाठी टाकलेलं लिहिणं, आणि गुपचूप वाचत राहणं. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात ४१५ जणांचा काही महिन्यांच्या अंतराने पाठपुरावा केला. जोडणाऱ्या भांडवलात वाढ दिसली ती पहिल्या प्रकारासोबत, म्हणजे कुणीतरी नाव घेऊन बोललं तेव्हा. नुसतं खाली खाली सरकवत बसण्याने तसं होत नव्हतं. सगळ्यांसाठी टाकलेला मजकूर आणि 'अरे, आईची तब्येत कशी आहे?' यांतला फरक यंत्राच्या नोंदीतही उतरतो, हे मला या अभ्यासातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

त्याच सुमारास, २००९मध्ये, एरिक गिल्बर्ट आणि कॅरी काराहालिओस यांनी उलट्या बाजूने वाट काढली. फक्त ३५ माणसं बोलावली, पण त्यांच्या दोन हजारांहून अधिक फेसबुक मैत्र्यांविषयी एकेक करून विचारलं. प्रश्न भारी होते. या मित्राकडे शंभर डॉलर उसने मागायला कसं वाटेल? नोकरी शोधताना हा किती उपयोगी पडेल? याने तुम्हाला यादीतून काढलं तर किती वाईट वाटेल? मग सत्तरहून अधिक खुणा घेतल्या: शेवटचं बोलणं कधी झालं, पहिलं कधी, जवळिकीचे शब्द किती, दोघांच्या शिक्षणात अंतर किती. त्यांवरून घट्ट नातं आणि सैल नातं ओळखणारं गणित बसवलं. ते ८५ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर निघालं. जिथे चुकलं ती ठिकाणं अधिक बोलकी आहेत. एखाद्याशी इतकं जवळचं नातं असतं की फेसबुकवर बोलायची वेळच येत नाही. नोंदीत शांतता, आणि यंत्राच्या मते तो परका.

या प्रवासातली सगळ्यांत मोठी झेप २०२२ची. राज चेट्टी, मॅथ्यू जॅक्सन, थेरेसा कुकलर आणि योहानेस स्ट्रोबेल यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दोन लेख छापले. अमेरिकेतले २५ ते ४४ वयाचे ७ कोटी २२ लाख फेसबुक वापरकर्ते आणि त्यांच्यातल्या २१०० कोटी मैत्र्या. इथे कुणालाही काही विचारलं नाही. राहण्याचा परिसर, शिक्षण, हातातल्या फोनची किंमत अशा खुणांवरून प्रत्येकाची आर्थिक पायरी ताडली आणि मग एकच साधी गोष्ट पाहिली: खालच्या अर्ध्यातल्या माणसाच्या मित्रांत वरच्या अर्ध्यातले किती? सोबत आणखी दोन मापं घेतली. एकाच माणसाचे मित्र एकमेकांचेही मित्र आहेत का, म्हणजे वर्तुळ किती घट्ट विणलेलं आहे, हे एक. आणि स्वयंसेवी कामात लोक किती आहेत, हे दुसरं.

आपला अंदाज असा असतो की घट्ट विणलेली वस्ती पोरांना वर काढते. निकाल तसा आला नाही. गरीब घरातलं मूल मोठेपणी किती कमावतं याच्याशी ठळक नातं निघालं ते फक्त पहिल्या मापाचं, गरीब-श्रीमंत मैत्रीचं. श्रीमंत घरातल्या मुलाला सरासरीने जितके सुस्थितीतले मित्र असतात, तितके असलेल्या परगण्यात गरीब मूल वाढलं, तर त्याची पुढची कमाई सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल, असा त्यांचा हिशेब आहे. अशी मैत्री होत का नाही, हेही त्यांनी उकलून पाहिलं. अर्धं कारण असं की दोघं एका शाळेत, एका वस्तीत येतच नाहीत. उरलेलं अर्धं असं की एका छताखाली आले तरी जोडले जात नाहीत. चर्चसारख्या ठिकाणी हा दुरावा सगळ्यांत कमी दिसला, शेजारपाजारात बराच.

इथे दादरची आठवण काढायला हवी, कारण घट्ट वर्तुळाची दुसरी बाजू तिथे नीट दिसली होती. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६मध्ये छापलेल्या अभ्यासात दादरच्या शाळांतल्या मराठी कुटुंबांचा मागोवा आहे. गिरण्या आणि कारखान्यांतल्या नोकऱ्या जातभाईंच्या ओळखीतून मिळत. त्यामुळे ज्या जातींचं असं जाळं मजबूत होतं, त्यांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले, अगदी १९९०च्या दशकात इंग्रजीला भाव आला तेव्हाही. मुलींना त्या जाळ्यात जागाच नव्हती, म्हणून त्या मोकळेपणाने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. बापाला जी ओळख उपयोगी पडली तीच मुलाच्या पायात आली. फेसबुकचा यात काही संबंध नाही. पण सामाजिक भांडवलाचा आकडा जास्त म्हणजे चांगलं, असं गृहीत धरणाऱ्या प्रत्येक पट्टीला हा अभ्यास अडवतो.

प्रयोग करून कारण सिद्ध करायची हौस लिंक्डइनने भागवली. 'या लोकांना तुम्ही ओळखत असाल' अशी जी यादी तिथे दिसते, तिचं सूत्र पाच वर्षं वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळं ठेवलं गेलं. कुणाला जवळच्यांची नावं जास्त दिसली, कुणाला लांबच्यांची. २ कोटींहून अधिक माणसं, सुमारे २०० कोटी नवे दुवे, ६ लाख नोकऱ्या. २०२२मध्ये 'सायन्स'मध्ये निकाल आला: ग्रॅनोव्हेटर बरोबर होते, पण पूर्ण नाही. सगळ्यांत उपयोगी पडते ती मध्यम सैल ओळख, म्हणजे थोडे सामाईक ओळखीचे असलेला माणूस. अगदीच परका नाही, अगदीच घरचाही नाही. निकाल देखणा आहे. मात्र ज्यांच्या नोकऱ्यांच्या संधींशी असा खेळ झाला त्यांना तो चालू आहे याचा पत्ता नव्हता, आणि टीका झाली ती यावरच.

चेट्टी यांच्यासारखा अभ्यास आपल्याकडे का होत नाही, असं वाटणं साहजिक आहे. पहिली अडचण चावीची आहे. फेसबुकने मित्रयाद्यांचं दार बाहेरच्या संशोधकांना २०१५मध्ये बंद केलं, ट्विटरने २०२३मध्ये फुकट प्रवेश थांबवला. एवढा मोठा डेटा आता मिळतो तो कंपनीच्या मर्जीने, कंपनीच्या माणसांना सोबत घेऊन. दुसरी अडचण आपली खास आहे. इथली अडीनडीची माणसं फेसबुकच्या मित्रयादीत कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त सापडतात: सोसायटीच्या, भिशीच्या, दहावीच्या बॅचच्या, गावाकडच्या भावकीच्या ग्रुपवर. रक्त हवं, रुग्णालयात खाट हवी, मुलाला पुण्यात खोली हवी, हे तिथे विचारलं जातं आणि तिथेच उत्तर येतं. तो मजकूर कुलूपबंद असतो, खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही.

यावर अलीकडे एक वाट काढली जाते आहे. वापरकर्त्यालाच विचारायचं, तुमच्या फोनमधल्या ग्रुपच्या नोंदी संशोधनासाठी द्याल का? नावं आणि नंबर पुसून घेतले जातात, खाजगी गप्पा वगळल्या जातात. भारतातही असे प्रयत्न झाले आहेत. पण दोनशे जणांच्या ग्रुपमधल्या एकाने होकार दिला तर उरलेल्या एकशे नव्याण्णवांचं काय, हा प्रश्न संशोधनाच्या नैतिकता समित्यांपुढे आहे. आणि होकार देतो तो बहुधा संशोधकावर विश्वास असलेला माणूस असतो. म्हणजे जो विश्वास मोजायचा, त्याच्याच चाळणीतून नमुना गाळून आलेला असतो.